टायमिंगचे शून्य खरे आहे का?

शेव्रोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आले आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे बहुतेक भाग एकमेकांत बसत राहिले. त्यामुळे अमेरिकेतील हौशी मंडळी एकाचा ब्लॉक, दुसऱ्याचे टायमिंग कव्हर (इंजिनाचे पुढचे झाकण) आणि भंगारातला बॅलन्सर (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरचे, कंपने शमवणारे चाक) जोडून इंजिन उभे करतात. इंजिन सुरूही होते. मात्र टायमिंग लाइटखाली, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून तिची वेळ दाखवणाऱ्या दिव्याखाली, सारे बरोबर दिसत असूनही गाडी ओढत नाही किंवा चढावर नॉकिंग करते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देते. अशा वेळी कार्ब्युरेटर आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर उगाच खोलले जातात. माझ्या मते पहिला संशय ठिणगीची वेळ अंशांत मोजणाऱ्या खुणेवरच घ्यावा.

ठिणगी पडताच सारे मिश्रण पेटत नाही. ज्योत पसरायला काही मिलिसेकंद लागतात आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच ठिणगी द्यावी लागते. या इंजिनाला जास्त वेगात ती साधारण ३४ ते ३६ अंश आधी लागते. उशीर झाला तर बरीच उष्णता एक्झॉस्टवाटे वाया जाते, फार घाई झाली तर नॉकिंगने पिस्टनलाच इजा होते.

हे अंश बॅलन्सरवरची खाच आणि कव्हरवरची पट्टी यांवरून वाचतात. १९६९ च्या सुमारास कंपनीने खाचेची जागा सुमारे ८ अंशांनी बदलली आणि पट्टीही त्या हिशेबाने हलवली. जुनी पट्टी आणि नंतरचा बॅलन्सर एकत्र आले की तेवढीच चूक प्रत्येक वाचनात शिरते. आठ इंची बॅलन्सरच्या कडेवर १ अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे ही चूक १४ मिलिमीटरची. शिवाय आतला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामधले रबर जुने झाले की कडे खाचेसकट सरकते, ते वेगळेच.

खरे शून्य, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची खूण, शोधायला पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकात बसणारा, पिस्टनला अडवणारा दांडा) पुरतो. बॅटरीची वायर सोडून सगळे प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी स्टॉप बसवावा आणि पाना लावून क्रँक पिस्टन टेकेपर्यंत हळूच फिरवावा. पट्टीच्या शून्यासमोर बॅलन्सरवर रेघ मारावी, मग उलट दिशेने पुन्हा टेकेपर्यंत फिरवून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघांचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनचे वरचे टोक. तिथे पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून जुनी खाच काळ्या रंगाने बुजवावी, स्टॉप आठवणीने काढावा, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी सोडून तिचे तोंड बंद करावे आणि मगच टायमिंग लाइट हातात घ्यावा.