चाऱ्यातून लस: ही आयडिया आली कुठून

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वाडीत लाळ्या-खुरकुताची लस टोचायला येतात तेव्हा अर्धी गुरं सड्यावर, उरलेली दावं तोडायच्या बेतात, आणि २ ते ८ डिग्रीत ठेवायची लस बर्फाच्या डब्यातून घाटी चढून आणणाऱ्याचे हाल वेगळेच. मग कोणीतरी म्हणतंच, ह्यापेक्षा पेंढ्यातूनच द्या की.

गंमत म्हणजे हे खरंच करून बघितलंय लोकांनी. १९९२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स आर्न्टझेन यांच्या टीमने तंबाखूच्या झाडात हिपॅटायटिस बी चं प्रोटीन तयार केलं. म्हणजे अख्खा विषाणू नाही, त्याच्या वरच्या कवचाचा एक तुकडा फक्त, तो झाडाने बनवायचा, खाणाऱ्याचं शरीर तो ओळखायला शिकणार. १९९९ ला अर्जेंटिनावाल्यांनी लाळ्या-खुरकुताचं प्रोटीन लसूणघासात आणलं, उंदरांना खायला घातलं, संरक्षण मिळालं.

आपल्याकडे बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने तर बुळकांडीचं (गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, रिंडरपेस्ट) प्रोटीन भुईमुगात घातलं आणि त्याचा पाला गुरांना चारला, रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या, हे २००३ चं. पण बुळकांडीची देशातली शेवटची साथ १९९५ मध्येच होऊन गेलेली, २०११ ला ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं, आणि गेली ती साध्या टोचायच्या लसीने!

शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातच बरंचसं प्रोटीन कुजून जातं, आणि एक गाय भारा संपवते, दुसरी नुसतं हुंगते, डोस मोजणार कसा?

खरी माशी शिंकली ती २००२ ला, अमेरिकेत नेब्रास्कात. प्रॉडिजीन कंपनीने डुकरांच्या पिल्लांच्या जुलाबावरच्या लसीचा मका लावलेला, पुढच्या वर्षी त्याच शेतात सोयाबीन, आणि सांडलेले दाणे आपसूक उगवून आले, त्यांचा पालापाचोळा सोयाबीनमध्ये मिसळला. सुमारे ५ लाख बुशेल (धान्य मोजायचं तिकडचं माप) सोयाबीन नष्ट करावं लागलं, वर अडीच लाख डॉलर दंड. भात कापल्यावर त्याच कुणग्यात कुळीथ पेरणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको, मागच्या पिकाचं काहीतरी डोकं वर काढतंच.

त्यानंतर शेतात पीक लावण्यापेक्षा झाडाच्या पेशी बंद टाकीत वाढवण्याकडे कल वळला. २००६ ला अमेरिकेत कोंबड्यांच्या मानमोडीवर, म्हणजे राणीखेतवर, तंबाखूच्या पेशींत बनवलेल्या लसीला मंजुरी मिळाली, पण तीही टोचायचीच होती, आणि कंपनीने ती बाजारात आणलीच नाही.