लोककथेतील राक्षसांचे सहभागी खेळ

लोककथेतल्या किंवा एखाद्या परिसराच्या दंतकथेतल्या भयंकर प्राण्याभोवती रचलेला, प्रेक्षकाला खुर्चीवर न बसवता थेट कथेत ओढणारा प्रयोग. जंगल, ओस पडलेला कारखाना किंवा नदीकाठ हेच रंगमंच होतात आणि प्रेक्षक शोधपथकातला गडी, वाट चुकलेला प्रवासी किंवा साक्षीदार बनतो.

तिकीट लावून होणारे असे खेळ अलीकडचे असले तरी त्यांची मुळे विधींत आहेत. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीत ५ डिसेंबरच्या सुमारास लाकडी मुखवटे, शिंगे आणि केसाळ कातडी घातलेले क्राम्पुस, म्हणजे वात्रट मुलांना भिववणाऱ्या राक्षसाची सोंगे, घंटा वाजवत रस्त्यांवरून धावतात. जपानच्या ओगा द्वीपकल्पात वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘नामाहागे’, म्हणजे राक्षसी मुखवटे घातलेली गावातलीच माणसे, घरोघरी शिरतात. आळशी, रडकी मुले आहेत का, असे ते गरजून विचारतात; यजमान त्यांना जेवण आणि साके (तांदळाची दारू) देऊन मुलांसाठी रदबदली करतो. इथे बघे कोणीच नाही, अख्खे घर पात्र झालेले असते. २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही प्रथा आली.

अमेरिकेतल्या राइनलँडर या गावच्या यूजीन शेपर्डने मात्र निखळ बनाव रचला. १८९३ मध्ये त्याने ‘होडॅग’ नावाच्या शिंगाळ, काटेरी पाठीच्या प्राण्याची बातमी उठवली आणि १८९६ मध्ये तो जिवंत पकडल्याचे सांगून जत्रेत मांडला. अंधारा तंबू, लांबून दर्शन आणि तारांनी हलवलेले धूड एवढ्यावर लोक थरारले. आजच्या खेळांचे सगळे तंत्र त्यात आहे: राक्षस जितका कमी दिसेल तितका खरा वाटतो. म्हणून जाणते दिग्दर्शक ओरखडे, पाऊलखुणा, कुजका वास, झाडीतली सळसळ यांवर मेहनत घेतात आणि मुखवटा क्षणभरच दाखवतात. प्राणी सतत समोर आणणारे खेळ भीतीपेक्षा पोशाखाचे प्रदर्शन करतात.

जागेचे वजनही तितकेच मोठे. अमेरिकेतल्याच पॉइंट प्लेझंट या गावात नोव्हेंबर १९६६ पासून लाल डोळ्यांचा, पंख असलेला ‘मॉथमॅन’ दिसल्याचे लोक सांगू लागले. १५ डिसेंबर १९६७ रोजी तिथला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ जण मेले आणि दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींत गुंतल्या. २००२ पासून भरणाऱ्या मॉथमॅन महोत्सवात दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्याच्या ओसाड आवारात सहली नेल्या जातात. पूल पडला तो लोखंडी दुव्यातल्या भेगेमुळे. त्या मृत्यूंचा वापर नुसत्या थरारासाठी करणे अयोग्यच.

हाच विवेक ‘विंडिगो’बाबतही लागतो. उत्तर अमेरिकेतल्या अल्गोंक्वियन भाषिक समाजांत ही नरभक्षक आकृती भूक आणि हावेविषयीचा गंभीर इशारा आहे. तिला केवळ हरणाच्या कवटीचा राक्षस करून टाकले की कथेचा अर्थच गळून पडतो.

प्रेक्षकाला स्पर्श केला जाणार का, हे आधीच सांगणे, खेळ तत्काळ थांबवण्याचा ठरलेला शब्द आणि अंधारातही सापडणारी बाहेरची वाट, या खबरदाऱ्या अशा प्रयोगांत घेतल्या जातात.