दाराच्या अलीकडची चार पावलं

बेळगावच्या सांबरा विमानतळावर पहिल्यांदाच एटीआरमध्ये, म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानात, बसायला निघालेला माणूस हमखास चुकतो. टर्मिनलमधून बाहेर पडला की तो सरळ विमानाच्या तोंडाकडे चालू लागतो आणि कर्मचारी त्याला हाक मारून शेपटीकडे वळवतात. एटीआर ७२ मध्ये माणसं मागच्या डाव्या दारातून चढतात, पुढच्या दारातून सामान. दाराच्या आतल्या अंगालाच पायऱ्या बसवलेल्या असतात. दार खाली सोडलं की जिना तयार. शिडीची गाडी नको, टर्मिनलला जोडणारा पूल नको. उजवं इंजिन पंखा ब्रेकने अडवून चालू ठेवता येतं, म्हणजे जमिनीवर वीज आणि थंड हवा मिळते. डावं बंद, कारण माणसांची ये-जा त्या बाजूने.

आमच्या सीमाभागातल्या माणसाला दाराचं गणित बसस्टँडवर शिकायला मिळतं. कोल्हापूरकडून निपाणीमार्गे आलेल्या यष्टीत मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. शेजारच्या फलाटावरच्या कर्नाटकाच्या बसमध्ये तेच कन्नडमध्ये. आम्ही लहानपणी दोन्ही वाचत आलो, पण ते दार उघडलेलं कधी पाहिलं नाही. चढण्याचं दार मात्र रोज पाहिलं: बस लागायच्या आत खिडकीतून रुमाल सीटवर, मग दारात रेटारेटी, आणि आत शिरल्यावर कळायचं की खोळंबा दारात नव्हताच. एक गृहस्थ मधल्या पॅसेजमध्ये उभे राहून पोतं वर चढवत होते, त्यांच्यामुळे सगळं तुंबलेलं.

विमानाच्या दाराचा इतिहास जवळपास हाच आहे. दाराची मापं, संख्या, उघडण्याची तऱ्हा यांवर साठ-सत्तर वर्षं डोकं चाललं. पण चढताना वेळ जातो तो पॅसेजमध्ये, आणि आगीत माणसं अडकली तीही बहुतेकदा दाराच्या अलीकडच्या चार पावलांत.

आधी दार म्हणजे काय ते पाहू. विमान उंचीवर गेलं की आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असतो, चौरस इंचाला साधारण आठ पौंडांनी. पुरुषभर उंचीच्या दारावर हा जोर सात-आठ टन भरतो. म्हणून बहुतेक विमानांचं दार आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरसारखं असतं. वाफ जितकी जास्त, तितकं झाकण घट्ट. आणि ते झाकण जसं तिरकं करून आत घालावं लागतं, तसंच हे दार उघडताना आधी थोडं आत ओढलं जातं आणि मग वळून किंवा सरकून बाहेर जातं. उड्डाणात कुणी वेडेपणाने हँडल ओढलं तरी दार हलत नाही ते याचमुळे.

बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या दारात हा फायदा नाही, तिथे सगळी भिस्त कुलपावर. डीसी-१० या मोठ्या जेट विमानाच्या सामानाच्या दाराचं कुलूप नीट न बसताही बसल्यासारखं दिसायचं. १९७२ मध्ये अमेरिकेत एक विमान त्यातून थोडक्यात बचावलं. दुरुस्ती अर्धीमुर्धी राहिली आणि मार्च १९७४ मध्ये पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचं विमान पडून ३४६ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ मधून उडालेला तुकडा हे तर दारच नव्हतं. आसनं कमी असली तर जादा दाराची गरज पडत नाही, म्हणून त्या जागी बूच बसवतात. त्याला अडवणारे चार बोल्टच बसवलेले नव्हते. नशिबाने त्याच्या लगतच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

माणसं डावीकडून आणि खाणंपिणं उजवीकडून, ही प्रथा जहाजांच्या काळापासूनची. ती इतकी रुळली की नंतर आलेले पूलही डाव्याच बाजूला लागले. १९३६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविकला गोल टर्मिनलमधून विमानापर्यंत सरकणारे आच्छादित बोगदे होते. आजच्या धाटणीचा एअरोब्रिज सॅन फ्रान्सिस्कोला १९५९ मध्ये लागला. पुलाने पावसापासून वाचवलं खरं, पण प्रवाशांना एका दाराची सवय लावली. दुसरीकडे बोइंग ७२७ सारख्या विमानाने शेपटीखाली स्वतःचा जिना ठेवला, म्हणजे साध्या विमानतळावरही अडायला नको. नोव्हेंबर १९७१ मध्ये एका अपहरणकर्त्याने त्याच जिन्यावरून पैशांसह हवेत उडी मारली, तेव्हापासून उड्डाणात तो जिना उघडू नये म्हणून बाहेरून एक छोटी पट्टी बसवायला लागले.

आता दाराचं दुसरं काम, संकटात बाहेर पडण्याचं. नोव्हेंबर १९६५ मध्ये सॉल्ट लेक सिटीला उतरताना एक ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. आपटण्याने जीव जावा असा तो अपघात नव्हता, तरी ९१ पैकी ४३ जण आग आणि धुरात गेले. विमान भरलेलं असताना ते किती वेळात रिकामं करता येतं हे उत्पादकांनी दाखवावं, असा नियम अमेरिकेत त्याच सुमारास येत होता. १९६५ ची मर्यादा १२० सेकंदांची, १९६७ मध्ये ती ९० वर आली. तिथेच आजही आहे.

या चाचणीत निम्मीच दारं उघडता येतात आणि कोणती ते आधी सांगत नाहीत. दिवे बंद, फक्त आपत्कालीन उजेड. पॅसेजमध्ये बॅगा आणि उशा पसरलेल्या. किमान ४० टक्के बायका, ३५ टक्के पन्नाशीच्या पुढचे, आणि तान्ह्या बाळांच्या जागी तीन बाहुल्या. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए३८० मधून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली, १६ पैकी आठच दारं वापरून. एकाचा पाय मोडला, बाकी खरचटणं. हवेने फुगणाऱ्या घसरगुंड्या नसत्या तर हे जमलंच नसतं.

पण चाचणीतली माणसं मरायला भ्यालेली नसतात. हा फरक २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला उघडा पडला.

ब्रिटिश एअरटूर्सचं ७३७ धावपट्टीवर पळत असताना डावं इंजिन फुटलं. वैमानिकांना वाटलं टायर गेला. विमान थांबवून बाजूच्या रस्त्यावर वळवलं, आणि वाऱ्याने ज्वाळा थेट विमानाच्या अंगावर आल्या. पुढचं उजवं दार उघडायला गेले तर घसरगुंडीची पेटी अडकली. पंखावरच्या आपत्कालीन खिडकीशी बसलेल्या बाईंनी घाईत आधी हँडलऐवजी आसनाचा हातच ओढला. शेवटी झाकण सुटलं ते आतल्या बाजूला, त्यांच्याच मांडीवर. वजन जवळपास २२ किलो. मागचे प्रवासी वाट पाहत उभे, आणि धूर छतापासून खाली उतरतोय. त्यात पुढच्या दाराआधी दोन्ही बाजूंना स्वयंपाकघराच्या भिंती, मधली फट जेमतेम साडेबावीस इंच. १३७ पैकी ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. विमान जमिनीवर होतं, थांबलेलं होतं, अग्निशमन दल विमानतळावरच होतं.

यानंतर ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका हेलन म्यूर यांनी केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत चलाख वाटतो. भीती प्रयोगशाळेत आणता येत नाही, मग त्यांनी लोभ आणला. जुन्या विमानात स्वयंसेवक बसवले आणि पहिल्या निम्म्या लोकांना पाच पौंड जादा देऊ असं सांगितलं. एरवी शिस्तीत उतरणारी तीच माणसं आसनांवरून उड्या मारू लागली, अरुंद फटीत एकमेकांत अडकून बसली. फट ३० इंचांची केली की गर्दी वाहायला लागायची. पंखावरच्या खिडकीलगतच्या रांगांतलं अंतर वाढवलं तरी तसंच. आज त्या रांगेत पाय पसरायला मिळतात म्हणून काही कंपन्या जादा पैसे घेतात. ती ऐसपैस जागा मुळात आमच्या गुडघ्यांसाठी सोडलेलीच नाही.

एटीआरमध्ये अशा आपत्कालीन खिडक्या केबिनच्या पुढच्या टोकाला असतात. मागे एकदा तिथे माझ्या शेजारी खानापूरकडचे एक काका होते, मांडीवर कुंद्याचा डबा धरून. हवाई सुंदरीने डबा वरच्या कप्प्यात ठेवायला लावला आणि विचारलं, गरज पडली तर ही खिडकी उघडाल का? काका म्हणाले, “होय की!” आणि ती पुढे गेल्यावर मला हळूच, “खरंच उघडायची काय ही?” मग आम्ही दोघांनी समोरचं कार्ड काढून पाहिलं. चित्रातला माणूस झाकण उचलून बाहेर फेकत होता. नंतरच्या पिढीच्या ७३७ मध्ये हे झाकण बिजागरीवर आपोआप वर उघडतं, मांडीवर पडत नाही.

मधल्या काळात इतर नियमही आले. १९८० च्या दशकात काही ७४७ विमानांची पंखावरची दारं बंद करून तिथे आसनं घालण्याचा प्रकार झाला. १९८९ मध्ये अमेरिकेने ठरवलं की सलग दोन दारांमध्ये ६० फुटांपेक्षा जास्त अंतर नको. जमिनीलगतची दिव्यांची रांगही त्याच दशकातली. धुरात वरचे फलक दिसत नाहीत, रांगणाऱ्या माणसाला खालचे दिवे दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदाला जपान एअरलाइन्सच्या जळत्या ए३५० मधून सगळे ३७९ जण सुटले, आठांपैकी तीनच दारांमधून. त्यांनी बॅगा जागेवरच सोडल्या.

चढण्याच्या बाजूला एवढी शोकांतिका नाही, फक्त पैसा आहे. विमान जमिनीवर उभं म्हणजे कमाई बंद. मागच्या रांगा आधी भरायच्या ही पद्धत ऐकायला शहाणपणाची वाटते, पण तिच्यात दहा रांगांतली माणसं एकाच वेळी एकाच तुकड्यात बॅगा वर चढवत राहतात आणि बाकीचा पॅसेज मोकळा पडतो. जेसन स्टेफन या खगोलभौतिकी अभ्यासकाने २००८ मध्ये हे गणिताने मांडलं. पुढे ७२ माणसं घेऊन झालेल्या प्रयोगात मागून पुढे भरायला ६ मिनिटं ११ सेकंद लागले, कसंही चढू दिलं तर ४ मिनिटं ४४ सेकंद, आणि एकाआड एक रांगा सोडून खिडकीपासून भरत आणलं तर ३ मिनिटं ३६ सेकंद. म्हणजे आमची बसस्टँडवरची बेशिस्त मागून पुढे येणाऱ्या शिस्तीपेक्षा बरी निघाली! अर्थात रुमाल न टाकता.

दुसरा उपाय दारं वाढवण्याचा. इंडिगोने ऑगस्ट २०२२ मध्ये पुढे दोन आणि मागे एक अशा तीन वाटांनी प्रवासी उतरवायला सुरुवात केली. ए३२१ रिकामं व्हायला लागणारी १३-१४ मिनिटं ७-८ वर येतील असं कंपनीने सांगितलं. हे जमतं ते विमान पुलापासून दूर, मोकळ्या फरशीवर उभं असेल तेव्हा. सांबऱ्यासारख्या ठिकाणी जेट आलं की पुढे-मागे दोन शिड्या लागतात, आणि माणसं मोठ्या शहरातल्या पुलापेक्षा लवकर मोकळी होतात. उन्हात चालावं लागतं एवढंच.

ही दारं बनतात कुठे? काही आमच्याच कर्नाटकात. एअरबस ए३२० ची पुढची प्रवासी दारं बंगळुरूचं हिंदुस्थान एरोनॉटिक्स अनेक वर्षं पुरवत आलं आहे. ए२२० च्या दारांचं कंत्राट फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्याच डायनामॅटिक कंपनीला मिळालं. बेळगावच्या वाट्याला दारं नसली तरी विमानाचे सुटे भाग आहेत. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीत, लेथवर हात बसलेल्या पोरांना हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीला एकस कंपनीच्या अडीचशे एकरांच्या एसईझेडने (विशेष आर्थिक क्षेत्राने) एक वेगळी वाट दिली. पुणे-बंगळुरू हमरस्त्यावरून टोलनाका ओलांडताना किती जणांना ठाऊक असतं की आत एअरबससाठी भाग कापले जात आहेत.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ मधली, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. आताचं टर्मिनल २०१७ चं. त्याहून मोठ्या नव्या टर्मिनलची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली आणि त्याच्या आराखड्यात एअरोब्रिज आहेत. जेटचं पुढचं दार त्या पुलाला लागेल. एटीआरचं मागचं बुटकं दार अशा पुलाला सहसा जुळत नाही, त्यामुळे त्यातून जाणाऱ्यांना तेव्हाही फरशीवरून चालत शेपटीकडे वळावं लागेल.