प्रोस्टेटचं रेडिएशन आणि सेक्स लाइफ : प्रश्न आधीच विचारा

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला की "बरा होईल ना" हे सगळेच विचारतात, पण "नंतर ताठरता राहील का" हे विचारायला पेशंट लाजतो आणि बरेचदा डॉक्टरही आपणहून विषय काढत नाहीत. खरं तर हे रेडिएशन सुरू व्हायच्या आधीच बोलायला हवं, कारण जे वाचवायचं ते बरंचसं किरण कुठे आणि किती द्यायचे या प्लॅनिंगमध्येच वाचतं.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये ताठरतेच्या मज्जातंतूंना धक्का बसला तर लगेच कळतं. रेडिएशनचं तसं नाही, ट्रीटमेंट संपते, माणूस म्हणतो चला सुटलो एकदाचे, आणि मग सहा महिने, वर्ष, दोन वर्षांत ताठरता हळूहळू उतरायला लागते. यात रक्तवाहिन्यांचा मोठा हात असावा असं मानतात. लिंगाला रक्त पुरवणारी धमनी प्रोस्टेटच्या खालच्या टोकाजवळून जाते, किरणांनी तिचं आतलं अस्तर खराब होतं, ती अरुंद होत जाते आणि ताठरता म्हणजे तर शेवटी रक्त भरण्याचाच मामला.

गोची अशी की साध्या सीटी स्कॅनवर प्रोस्टेटचं हे खालचं टोक धड दिसत नाही, मग कॅन्सर सुटायला नको म्हणून डोस जरा जास्तच खालपर्यंत दिला जातो आणि नेमकं लिंगाचं मूळ आणि या धमन्या त्यात सापडतात. एमआरआयवर कडा स्पष्ट दिसते. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या पॅट्रिक मॅकलॉफ्लिन यांनी एमआरआय बघून या रक्तवाहिन्या आधी आखून घ्यायच्या आणि त्यांच्यावरचा डोस कमी ठेवायचा अशी पद्धत बसवली. 2017 च्या त्यांच्या टीमच्या पेपरात 5 वर्षांनी दहातले जवळपास नऊ पुरुष सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह होते, काहीजण गोळ्या वगैरेंच्या मदतीने. अर्थात तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नका.

सगळं खापर किरणांवर फोडण्यातही अर्थ नाही. बऱ्याच जणांना सोबत हार्मोनची इंजेक्शनं असतात, त्यांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पडतं आणि इच्छाच मरते. ती सहा महिन्यांची आहेत की दोन-तीन वर्षांची, यावर खूप काही अवलंबून असतं, म्हणून तेही विचाराच. वय, शुगर, सिगरेट आणि आधीची ताठरता कशी होती हे तर आहेच.

"आधीपासून रोज ताठरतेची गोळी घेतली तर?" हेही करून बघितलंय. 242 पुरुषांच्या ट्रायलमध्ये अर्ध्यांना 24 आठवडे रोज 5 मिलिग्रॅम टाडालाफिल दिलं, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी, आणि 2014 मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पण त्रास सुरू झाल्यावर याच प्रकारच्या गोळ्या अनेकांना चांगल्या लागू पडतात. फक्त हार्टसाठी नायट्रेट प्रकारचं औषध चालू असेल तर त्यांना हातही लावायचा नाही, बीपी धोकादायक खाली जातं.