किंडर जलाशय फेरी

किंडर जलाशय फेरी : इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हेफील्ड गावाजवळ सुरू होऊन तिथेच संपणारी, मध्यम श्रेणीची एका दिवसाची पायी फेरी. लांबी सुमारे १३ ते १४ किमी., एकूण चढ ५०० मी.च्या आसपास. जलाशयाच्या काठाने जाऊन, विल्यम क्लफ या घळीतून किंडर स्काउट पठाराच्या कडेवर चढायचे, कडेकडेने किंडर डाऊनफॉल धबधबा आणि किंडर लो गाठायचे आणि एडेल क्रॉसवरून खाली यायचे, असा तिचा नेहमीचा मार्ग आहे. पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातला हा सर्वांत उंच भाग (६३६ मी.).

कळसूबाई (१,६४६ मी.) चढून आलेल्याला हा आकडा किरकोळ वाटतो आणि आखणीतली पहिली चूक इथेच होते. किंडरवर माणसाला दमवतात ते ढग, वारा आणि पायाखालची ओल. खाली हेफील्डला ऊन असताना वर पठारावर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, ही इथली रोजची गोष्ट. त्यामुळे या फेरीची आखणी उंचीकडे पाहून करू नये. धुक्यात वाट कशी सापडणार आणि माघार कुठून घेता येणार, याचा विचार आधी करावा.

दिशा. फेरी दोन्ही बाजूंनी करता येते, पण प्रदक्षिणेसारखी, म्हणजे जलाशय उजव्या हाताला ठेवून केलेली बरी. वाट चुकल्यासारखी वाटली तर पाण्याची किंवा उताराची बाजू उजवीकडे आहे ना, एवढे पाहिले तरी निम्मा गोंधळ मिटतो. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. विल्यम क्लफमध्ये ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो आणि दगड निसरडे असतात. ते काम सकाळी, पाय ताजे असताना उरकते. एडेल क्रॉसवरून उतरणारी वाट मात्र जुनी, रुंद, घोड्यांच्या तांड्यांची. दिवस कलल्यावर, अगदी बॅटरीच्या उजेडातसुद्धा, ती हरवत नाही.

वेळ. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून वापरात आहे : दर ३ मैलांना एक तास, शिवाय दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. मेट्रिक मापात साधारण ५ किमी.ला आणि ६०० मी.ला एकेक तास. या हिशोबाने ही फेरी साडेतीन तासांत व्हायला हवी. होत नाही. या गणितात जेवण नाही, फोटो नाहीत, चिखल नाही आणि गटातला सर्वांत हळू चालणारा तर नाहीच. पाच ते सहा तास धरावेत. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे चिंता नाही. डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी नऊनंतर निघणे म्हणजे उतरताना अंधार गाठणे.

नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्सप्लोरर मालिकेतला ‘ओएल १’ (डार्क पीक) हा नकाशा लागतो. त्यात ४ सेंमी. म्हणजे १ किमी. हिरव्या तुटक रेषा म्हणजे कायद्याने चालण्याचा हक्क असलेल्या वाटा. फिकट पिवळ्या रंगाचा भाग म्हणजे वाट सोडूनही पायी फिरता येईल अशी मोकळी जमीन. फोनवरचा नकाशा सोयीचा खरा, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत हवेच.

नावांचा अर्थ कळला तर नकाशा बोलू लागतो. क्लफ म्हणजे अरुंद घळ. ग्रफ म्हणजे पाण्याने पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या, ओल्या थरात) कोरलेली नाळ. ‘लो’ला मात्र फसू नये : हा जुन्या इंग्रजीतला टेकडी किंवा उंचवटा या अर्थाचा शब्द आहे, त्यामुळे किंडर लो ही सखल जागा नसून ६३३ मी. उंचीचा माथा आहे, त्यावर भूमापनाचा त्रिकोणमितीय खांब उभा आहे.

मार्ग. मँचेस्टरहून येणारे रेल्वेने न्यू मिल्सला उतरून बसने हेफील्डला येतात. गावापासून बोडन ब्रिजचा वाहनतळ जेमतेम दीड किलोमीटर. हा वाहनतळ जुन्या दगडखाणीत आहे आणि खाणीच्या भिंतीवर एक पाटी आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी याच खाणीत शेकडो कामगार तरुण जमले, मँचेस्टरच्या बेनी रॉथमनने भाषण केले आणि सगळे विल्यम क्लफने बंदी असलेल्या पठाराकडे चढले. त्या काळी ही मूर, म्हणजे उंचावरची उघडी, ओली जमीन, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली होती. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. किंडरवरच्या या सामूहिक घुसखोरीमागोमाग १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, १९५१ मध्ये ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून पीक डिस्ट्रिक्ट आणि २००० चा मुक्त संचाराचा कायदा आला. ही एकाच घटनेची फळे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण वाटांच्या हक्कासाठीची धडपड त्याहून जुनी आहे. जलाशयाच्या वरून जाणारी स्नेक पाथ ही वाट १८९७ मध्येच लोकांना खुली झाली होती.

वाहनतळापासून डांबरी रस्त्याने धरणाच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून चढून उत्तर काठाच्या वाटेला लागायचे. किंडर जलाशय स्टॉकपोर्ट शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि १९१२ मध्ये खुला झाला. धरण मातीचे आहे. पिण्याचे पाणी असल्याने पोहायला मनाई आहे. उन्हाळ्यातही खोल पाणी जीवघेणे थंड असते, हे कारण वेगळेच. जलाशयाच्या टोकाशी वाट विल्यम क्लफमध्ये शिरते. ओढ्याचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. तो रंग पीटचा.

घळ चढून ॲशॉप हेडला पोचलो की थांबून नकाशा उघडावा. इथे वाटा फुटतात : स्नेक पाथ सरळ पूर्वेला उतरते, पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट एका अंगाने मिल हिलकडे आणि दुसऱ्या अंगाने किंडरच्या कडेवर जाते. धुक्यात सरळ चालत राहिलेला माणूस डोंगराच्या भलत्याच बाजूला स्नेक पासच्या रस्त्यावर निघतो आणि त्याची गाडी मात्र हेफील्डला. आपली वाट उजवीकडे, दगडी पायऱ्यांच्या खड्या चढाची. हवा बिघडत असेल तर आल्या वाटेने परतायची जागाही हीच. यापुढे एडेल क्रॉसपर्यंत सोपी उतरण नाही.

वर आल्यावर कडेच्या दगडांजवळून जाणारी वाट सोडू नये. ६३६ मी.चा सर्वोच्च बिंदू पठाराच्या आत, पीटच्या उंचवट्यांत कुठेतरी आहे. तो शोधण्यात तास घालवणारे लोक परत येताना फार खूश नसतात. डाऊनफॉल हा सुमारे ३० मी.चा धबधबा. एरवी त्यात धारच असते, पण पावसानंतर पश्चिमेचा जोराचा वारा सुटला की पाणी उलटे वर उडते, आपल्या नाणेघाटात पावसाळ्यात उडते तसेच. तो फवारा खालून, काही मैलांवरूनही दिसतो. डाऊनफॉलनंतर वाट दक्षिणेकडे वळते, रुंद आणि धूसर होत जाते. किंडर लोपर्यंतच्या या पट्ट्यात धुके असेल तर होकायंत्राची दिशा धरूनच चालावे.

पीट. मूर म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे माळरान येते. कोकणातला सडाही आठवतो. पण सडा कातळाचा, आणि इथली जमीन म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर. वरून कोरडी दिसणारी काळी जागा पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत गिळते, आणि पाय ओढून काढताना बूट आतच राहू पाहतो. कारखान्यांच्या धुरातून पडलेल्या आम्लयुक्त पावसाने इथले स्फॅग्नम शेवाळ मेले आणि पीट उघडे पडून वाहून जाऊ लागले. गेली काही दशके नाळींत बांध घालून आणि शेवाळ पुन्हा लावून ते सावरण्याचे काम चालू आहे. दलदलीच्या भागांत पेनाइन वेवर दगडी फरशा टाकल्या आहेत. त्यांवरूनच चालावे, कारण बाजूने टाकलेले प्रत्येक पाऊल जखम रुंद करते. शेकोटी आणि बार्बेक्यू वर्ज्य. पीट जमिनीच्या आतून धुमसत राहते. २०१८ मध्ये जवळच्या सॅडलवर्थ मूरला आग लागली तेव्हा लष्कर बोलवावे लागले होते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या जमिनीवर कुत्रा आखूड पट्ट्यात ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

सामान आणि मदत. पाणी न शिरणारे बूट, वारा-पावसाचे जाकीट, एक जादा उबदार थर (उन्हाळ्यातही), टोपी, हातमोजे, बॅटरी, शिट्टी, खाणे, दीड-दोन लिटर पाणी. मार्ग आणि परतीची वेळ कुणाला तरी सांगून निघावे. अडचण आल्यास ९९९ वर पोलिसांना आणि त्यांच्यामार्फत पर्वत बचाव पथकाला बोलवायचे. पथकातले लोक स्वयंसेवक असतात. रेंज नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबणे, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचे येते.

किंडर लोवरून दक्षिणेला एडेल रॉक्स ओलांडून एडेल क्रॉस या मध्ययुगीन दगडी क्रूसापाशी उतरले की वाट पश्चिमेकडे वळते आणि कोल्डवेल क्लफमार्गे तासा-सव्वातासात बोडन ब्रिजला आणून सोडते. शेवटचा तुकडा डांबरी आहे. बसने आलेल्यांनी परतीचे वेळापत्रक सकाळीच पाहून ठेवावे. शेवटची बस गेली तर न्यू मिल्सपर्यंत सेट नदीच्या खोऱ्यातली, जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट वाट आहे, चारेक किलोमीटरची.