परदेशी नर्सिंगचा फॉर्म भरताय? आधी नाव जुळवा

‘माझं काम किती दिवसांत होईल?’ फोन उचलला की पहिला प्रश्न हाच येतो. त्यावर आम्ही उलट विचारतो, ‘पासपोर्टवर नाव काय आहे? आणि नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर?’ पुष्कळ सिस्टरना याचा राग येतो. दुबई की जर्मनी, इंग्रजीची परीक्षा आयईएलटीएस द्यावी की ओईटी, यावर बोलायला त्या आलेल्या असतात आणि आम्ही नावाचं काढून बसतो. पण मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात नर्सच्या परदेशी अर्जांचे कागद तयार करून देताना आम्ही पाहिलंय, की परीक्षेत अडकणाऱ्यांपेक्षा नावात अडकणारे जास्त. म्हणून हे माहितीपत्रक.

आपल्याकडे होतं काय? मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग त्याच नावावर, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही त्याच नावावर. मग लग्न होतं. आधार कार्डावर सासरचं नाव लागतं, त्यावरून पासपोर्ट निघतो. हॉस्पिटलच्या मस्टरवर पहिली दोन वर्षं पाटील, पुढची तीन वर्षं जाधव. इथे यात कुणाला वावगं वाटत नाही. पण आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, हे मस्कतच्या किंवा लंडनच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला कुठून कळणार? तीनपैकी दोन शब्द वेगळे, म्हणजे त्याच्या लेखी बाईच वेगळी.

ब्रदर लोकांनी हसू नये. ‘दत्तात्रय’चं इंग्रजी स्पेलिंग चार कागदांवर चार तऱ्हेचं असतं, आणि वडिलांच्या नावापुढचं ‘राव’ एका कागदावर असतं, दुसऱ्यावर गळलेलं असतं.

आखाती देशांसाठी डेटाफ्लो, म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, करावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही अपलोड केलेल्या पीडीएफवर ते विसंबत नाहीत. कागद ज्याने दिला त्यालाच विचारतात. डिग्रीसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, नोंदणीसाठी कौन्सिलला, अनुभवासाठी हॉस्पिटलला. आता हॉस्पिटलचा क्लार्क रजिस्टरमध्ये ‘जाधव’ शोधतो, सापडत नाही, आणि ‘या नावाचं कोणी इथे नव्हतं’ असं कळवून मोकळा होतो. त्याचीही चूक नाही. पण तुमचा रिपोर्ट बिघडतो, आणि तो निस्तरायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा त्याच क्लार्कच्या टेबलाशी फेऱ्या. तोवर तिकडची जागा दुसऱ्या कुणाला गेलेली असते.

ब्रिटनचं दुखणं जरा वेगळं आहे. तिथल्या एनएमसीला (नर्सची नोंदणी करणारी संस्था) आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि बोलण्यात 7, लेखनात 6.5 लागतात, ओईटीत लेखनाला सी-प्लस आणि बाकी तिन्हींत बी. हा निकाल 2 वर्षंच चालतो. लेखनातल्या अर्ध्या गुणासाठी तीन-तीनदा परीक्षेला बसलेल्या सिस्टर आमच्या ओळखीच्या आहेत. गेल्या वर्षी एकीने माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर परीक्षा दिली, पास झाली आणि त्याच आनंदात पासपोर्ट नूतनीकरणाला टाकून सासरचं नाव लावून घेतलं. आमच्याकडे आली ती त्यानंतर. काम झालं, पण सात महिन्यांनी, आणि त्या निकालाच्या दोन वर्षांतलेच ते सात महिने गेले.

मग करायचं काय? अजून नाव बदललं नसेल, तर बदलू नका. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं आडनाव बदलायलाच हवं, असा नियम नाही. डिग्री ज्या नावावर, पासपोर्ट त्याच नावावर, हे सगळ्यात स्वस्त आणि सोपं. (सासूबाईंना समजावून सांगायचं काम आमच्या फीमध्ये येत नाही, तरी एक-दोनदा आम्ही तेही केलंय.)

नाव आधीच बदललं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात, मग कौन्सिलच्या नोंदीत दुरुस्ती, मग हॉस्पिटलकडून नवं अनुभवपत्र, ज्यात जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं एकाच ओळीत असतील. हा क्रम मोडू नका. ‘नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट पुरत नाही का?’ असं सगळे विचारतात. काही ठिकाणी चालून जातं. पण चालून गेलं नाही तर काय होतं ते वर सांगितलं आहे, म्हणून आम्ही राजपत्राशिवाय फाइल पुढे सरकवत नाही. त्यावरून आम्हाला हट्टी म्हणणारे बरेच आहेत.

अनुभवपत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, वॉर्ड आणि पूर्णवेळ काम होतं हा उल्लेख हवा. सही करणाऱ्या मेट्रनबाईंना किंवा एचआरला आधीच सांगून ठेवा, की परदेशातून ईमेल येईल, त्याला उत्तर द्या. लहान दवाखान्यांत तो ईमेल जाहिरात समजून पुसला जातो.

2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला, तेव्हापासून जर्मनीची चौकशी वाढली आहे. तिथे जर्मन भाषा बी-2 पातळीपर्यंत लागते, म्हणजे आधी क्लास लावा. क्लास चालू असतानाच नावाचं काम उरकता येतं. नाहीतर सगळ्या कागदांचं जर्मन भाषांतर होतं आणि नावांचा घोळही इमानदारीने भाषांतरित होऊन जातो.

आम्ही नोकरी लावत नाही. रिक्रूटिंग एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही आणि आहे असं आम्ही भासवतही नाही. परवाना असलेल्या एजंटला तुमच्याकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. कोणी लाखांत आकडा सांगितला, तर सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव तपासा. सौदी, कतार, कुवेत, अमिराती यांसह 18 देशांसाठी नर्सना उत्प्रवास मंजुरी (नोकरीसाठी परदेशी जाण्याची सरकारी परवानगी) लागते, पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे एरवी ही मंजुरी न लागणारा, असला तरी. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बघू’ म्हणणाऱ्याचा चहासुद्धा पिऊ नका.

आमच्याकडे फॉर्म भरण्याआधी अर्ध्या तासाची ‘नाव-तपासणी’ असते. सगळे कागद टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघतो. तिची वेगळी फी घेतो, कारण त्यात आमच्या माणसाचा वेळ जातो; पुढचं काम आमच्याकडे दिलंत तर ती वळती होते. येताना दहावीच्या मार्कशीटपासून सगळे मूळ कागद आणा. झेरॉक्स आम्ही काढतो, मूळ कागद त्याच दिवशी परत घेऊन जा, ते आम्ही ठेवून घेत नाही. नाइट ड्यूटीवाल्यांसाठी शनिवारी सकाळी नऊपासून ऑफिस उघडं असतं. विवाह नोंदणीचा दाखला तेवढा विसरू नका. तो घ्यायला परत घरी जाणाऱ्यांची दर शनिवारी आमच्या दारात रांग असते.