कानबाई, पाळी लांबवायची गोळी आणि रक्ताची गाठ

श्रावणात कानबाई देवीचा रविवार जवळ आला की खानदेशात मेडिकलवर हळू आवाजात एक गोळी मागितली जाते. रोटांच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या दिवशी अडचण नको, म्हणून पाळी पुढे ढकलायची. दुकानदारही फारसं विचारत नाही.

ही गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनची, ५ मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा. गर्भनिरोधक गोळ्यांना घाबरणाऱ्या बायका ही बिनधास्त घेतात. पण यकृतात तिचा थोडा भाग एथिनिल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, आणि माला-डी या गर्भनिरोधक गोळीत असतं तेच हे इस्ट्रोजेन हार्मोन. या डोसला ते दुर्लक्ष करण्याइतकं कमी नसतं.

इस्ट्रोजेन यकृताला रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लावतं. फायब्रिनोजेन वाढतं, प्रोथ्रॉम्बिन वाढतं. उलट गोठणं आवरणारं प्रोटीन एस कमी होतं. मग पोटरीच्या खोल शिरेत गाठ धरू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते.

धोका किती? गर्भनिरोधक गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना अशी गाठ होते. माला-डीसारख्या, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांवर ५ ते ७, ड्रोस्पिरेनोन हे दुसरं हार्मोन असलेल्या गोळ्यांवर ९ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत धोका याहून मोठा असतो, त्यामुळे हे वाचून चालू पाकीट फेकून देणं हा वेडेपणाच. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीत तर इस्ट्रोजेन नाहीच.

प्रश्न सरसकट सगळ्यांचा नाही. वजन जास्त, वय पस्तिशीपुढे, नुकतंच ऑपरेशन किंवा बाळंतपण, घरात आई-बहिणीला गाठ झालेली, अशा बाईने चार दिवसांसाठीसुद्धा ही गोळी मनाने घेऊ नये. डॉक्टर तिच्यासाठी वेगळं औषध निवडू शकतात. (देवीला पाळी चालत नाही हे ठरवलं कुणी, हा वाद मी घरात घालून बसलेय, इथे नको.)

सुरतहून गावी येताना तासन्‌तास बसून दोन्ही पाय भरून आले, तर तो बहुधा प्रवासाचा शीण. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर मात्र तेल लावून चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप लागली किंवा छातीत कळ आली तर तेवढाही वेळ नाही. आणि ‘काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं की कानबाईसाठी घेतलेल्या गोळीचं नाव आधी सांगा. तिला औषध म्हणून कुणी मोजतच नाही.